किल्ल्यातून वाचलेले जग

वर्षभरात जगातील प्रत्येक देशाचे निदान एक पुस्तक वाचावयाचे, असा नेम करणारे वाचक आता आपल्या ओळखीपाळखीतही भेटू लागले आहेत. या नेमाला प्रसिद्धी मिळवून दिली ती अ‍ॅन मॉर्गन या इंग्रज लेखिकेने. लंडनमध्ये ऑलिंपिकचे सामने भरले त्या २०१२ साली तिने १९६ देशांची यादी केली आणि वाचन आरंभिले. कारण आपल्या कपाटात जवळजवळ सगळे इंग्रज आणि अमेरिकन लेखकच आहेत, हे तिच्या ध्यानात आले होते. साओ तोमे आणि प्रिन्सिप या चिमुकल्या बेटांच्या देशातील एकही पुस्तक इंग्रजीत मिळेना, तेव्हा काही स्वयंसेवकांनी तिच्याकरिता एक कथासंग्रह पोर्तुगीजमधून भाषांतरित करून दिला. या साऱ्या खटाटोपाचे तिचे पुस्तक २०१५ मध्ये निघाले. चिकाटी मोठी आहे आणि हेतूही निर्मळ आहे, यात शंका नाही.

तथापि त्या यादीत भारताच्या वाट्याला एकच पुस्तक आले. ते म्हणजे एम. टी. वासुदेवन नायर यांची मल्याळम कादंबरी ‘कालम्’. निवड उत्तम आहे; तक्रार निवडीविषयी नाही, मापाविषयी आहे. राष्ट्रसंघाच्या नोंदवहीत जो देश तोच साहित्यातही एक घटक, असे मानले की ज्या भूमीत राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातच २२ भाषा आहेत ती एका खुणेने निकालात निघते. मराठी वाचकाने हाच नेम उचलून धरला तर त्याची गंमत आणखी वाढते. तो आइसलंडची कादंबरी इंग्रजीतून वाचील, चिलीची वाचील, नायजेरियाची वाचील. आणि तीन वर्षांची मुदत संपवून चेन्नईहून पुढच्या बदलीच्या गावी जाईल तेव्हा एकाही तामिळ लेखकाचे नाव त्याच्या वहीत नसेल. भारत हा देश त्याने आधीच वाचून टाकलेला असतो!

या नेमाची चिकित्सा करावयाची तर त्यासाठी लंडनपर्यंत जाण्याचे कारण नाही. एग्मोरहून रात्रीच्या गाडीने निघाले की सकाळी तंजावर येते. तेथे दोनशे वर्षांपूर्वी एका मराठी माणसाने हाच नेम आयुष्यभर चालविला, आणि वाचलेल्या जगाचे शेवटी मराठीत एक नाटक केले. तंजावरचे राजे दुसरे सरफोजी यांच्या नावावर असलेले ‘देवेंद्र कुरवंजी’ हे ते नाटक. सरस्वती महाल ग्रंथालयाने ते १९५० साली छापून प्रसिद्ध केले. जगाचा भूगोल गाण्यांतून सांगणारे मराठी नाटक, असे त्याचे वर्णन ग्रंथालयानेच केलेले आहे. या वर्णनामुळे त्याचे हित झाले की अहित, हे सांगणे कठीण. भूगोलाची शालेय कविता समजून साहित्याच्या अभ्यासकांनी ते बाजूला ठेवले असावे, आणि नाटक म्हणून भूगोलवाल्यांनी.

सरफोजींचे चरित्र येथे विस्ताराने सांगण्याचे प्रयोजन नाही. पण त्यातील दोन गोष्टी ध्यानात घेतल्यावाचून हे नाटक कळत नाही. पहिली गोष्ट शिक्षणाची. १७७७ मध्ये जन्मलेल्या या मुलाला तुळजाराजांनी १७८७ साली दत्तक घेतले आणि लगेच त्यांचे निधन झाले. गादीवर अमरसिंह आले आणि दत्तकपुत्र वाड्यात जवळजवळ नजरकैदेत राहिला. त्याला लिहिणे वाचणे नीट शिकवावे याचीही तजवीज नव्हती. श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याने मध्ये पडून शिक्षणाची सोय लावली, आणि पुढे १७९३ मध्ये जिवाच्या धास्तीने त्याला मद्रासेस आणण्यात आले. वेपेरीच्या मिशनमधील गेरिके यांनी त्याला येथे शिकविले. म्हणजे जग वाचण्याची या राजाची उमेदीची वर्षे याच शहरात गेली. आपण मराठी माणसे चेन्नईत आपल्या खुणा शोधतो तेव्हा ही खूण सहसा कोणी दाखवीत नाही. सेंट जॉर्ज किल्ल्यातील सचिवालयात कामानिमित्त जाणाऱ्यांनी तेथील सेंट मेरी देवळात डोकवावे. श्वार्ट्झचे स्मारक तेथे आहे. तंजावरच्या किल्ल्यातील चर्चमध्ये मात्र त्याहून बोलके शिल्प आहे. फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराच्या त्या संगमरवरी पाटीवर गुरू मृत्युशय्येवर आहे आणि तरुण राजा त्याचा हात हातात घेऊन उभा आहे.

दुसरी गोष्ट राज्याची. १७९८ मध्ये सरफोजी गादीवर बसले आणि १७९९ च्या तहाने राज्य कंपनीच्या स्वाधीन झाले. राजाला किल्ला उरला, सालीना एक लाख होन उरले आणि वसुलाचा पाचवा हिस्सा. पुढची तेहतीस वर्षे हा मनुष्य राजा होता, पण त्याची हुकमत तटाच्या आत. अशा स्थितीत दुसऱ्या एखाद्याने नाचरंगात दिवस काढले असते, किंवा अर्जविनंत्यांत. सरफोजींनी मागविली ती पुस्तके. इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, इटालियन अशा भाषांतील सुमारे साडेचार हजार ग्रंथ त्यांनी जमविले आणि कित्येकांवर स्वतःच्या हाताने सही केली. सॅम्युएल जॉन्सनचा इंग्रजी कोश त्यात आहे. माणसांचे आणि जनावरांचे चेहरे शेजारी शेजारी ठेवून काढलेली शार्ल ल ब्रं याची चित्रे आहेत. नायकांच्या काळापासून चालत आलेल्या हस्तलिखितांत त्यांनी मोठी भर घातली. १८२० च्या सुमारास काशीयात्रेस गेले तेव्हा तेथूनही पोथ्या आणल्या. या ग्रंथालयात आज मराठी हस्तलिखितेच तीन हजारांच्या घरात आहेत. १८२६ साली बिशप हेबर तंजावरास आले, तेव्हा लाव्हाझिए, लिनियस, बुफाँ यांच्याविषयी हा राजा सफाईने बोलतो आणि शेक्सपिअरचे मर्म जाणतो, हे पाहून ते थक्क झाले. बिशपसाहेबांच्या त्या आश्चर्यात थोडा गोऱ्या माणसाचा तोराही आहे, पण साक्ष म्हणून तिची किंमत कमी होत नाही.

ज्याची भूमी गेली त्याने सगळ्या भूमीचा नकाशा मांडीवर घेतला. हे वाक्य लिहिणे सोपे आहे, आणि सरफोजींविषयी लिहिणारे बहुतेक जण येथेच थांबतात. राजाची विद्याव्यासंगी वृत्ती, ग्रंथसंग्रह, दानधर्म, संपला लेख! वाचलेल्या जगाचे त्याने पुढे काय केले, हा खरा साहित्याचा प्रश्न आहे. ‘देवेंद्र कुरवंजी’ हे त्या प्रश्नाचे एक उत्तर आहे, आणि ते उत्तर पुरते समाधानकारक नाही. म्हणूनच त्याची चर्चा व्हावयास हवी.

कुरवंजी हा मूळचा तामिळ नाट्यप्रकार. (आपल्याकडे ‘कोरवंजी’ असेही म्हणतात.) त्याचा साचा ठरलेला असतो. नायिका देवावर किंवा राजावर अनुरक्त होऊन झुरत असते. तेवढ्यात डोंगरातली एक कुरव बाई टोपली आणि काठी घेऊन येते. ती आपल्या डोंगराचे, धबधब्यांचे, फिरून पाहिलेल्या क्षेत्रांचे वर्णन करते, नायिकेचा हात पाहते आणि प्रियकर भेटेल असे भविष्य सांगते. मग दागिने घेऊन ती निघून जाते आणि तिचा पारधी नवरा तिला शोधीत येतो. कुट्रालमच्या धबधब्यांवर रचलेली त्रिकूड रासप्प कविरायरांची कुरवंजी या प्रकारात श्रेष्ठ मानतात. खुद्द सरफोजींना नायक करून शिवक्कोळुंदु देशिकर यांनी रचलेली तामिळ कुरवंजी बृहदीश्वराच्या देवळात होत असे. आपल्याला हा प्रकार परका वाटण्याचे कारण नाही. एकनाथांच्या भारुडांतून जोशी, गारुडी, वासुदेव असे भटके लोक येतात आणि गावकुसाबाहेरच्या तोंडून थोर अर्थ वदविला जातो, ती युक्ती आणि ही युक्ती एकाच कुळीची.

आता सरफोजींनी काय केले पाहा. नायिकेच्या जागी त्यांनी इंद्राणीला बसविले, आणि कुरवंजीच्या तोंडी आपल्या डोंगराबरोबर सगळ्या पृथ्वीचे वर्णन घातले. युरोप, आशिया, आफ्रिका, अमेरिका येथील देश ती गाऊन सांगते. या योजनेची चतुराई पहिल्या वाचनात ध्यानात येत नाही. स्थळवर्णन हा तामिळ कुरवंजीचा गाभाच आहे. प्रेक्षकाला बाईने फिरलेली ठिकाणे ऐकावयाची सवय असते. त्यामुळे नवा भूगोल नाटकात घुसविल्यासारखा वाटत नाही, तो आधीच मोकळ्या असलेल्या जागेत येऊन बसतो. नवीन ज्ञान जुन्या प्रकारातून सांगावयाचे असेल तर त्या प्रकारात त्या ज्ञानाला नैसर्गिक जागा कोठे आहे, हे आधी ओळखावे लागते. आपल्या एकोणिसाव्या शतकातील कित्येक बोधपर नाटककारांना ही गोष्ट साधली नाही. त्यांच्या नाटकांत पात्रे बोलता बोलता एकाएकी व्याख्यान देऊ लागतात. सरफोजींची कुरवंजी व्याख्यान देत नाही, ती आपला धंदा करते.

आणखी एक गोष्ट. जगाची खबर सांगावयास आपल्या नाटकांत हक्काचा माणूस आहे, तो म्हणजे नारद. त्रैलोक्यात त्याचा संचार. इंद्राच्या दरबारात त्याचे येणेजाणे नित्याचे. इंद्राणीला पृथ्वीचे वर्तमान हवे असेल तर नारदाने वीणा वाजवीत येऊन सांगावे, हे कोणालाही सुचेल. सरफोजींनी ते नाकारले आणि अनवाणी हिंडणाऱ्या बाईला स्वर्गात नेले. उंचावर राहणाऱ्या देवीला खालचे काही ठाऊक नाही, आणि जिला सगळे ठाऊक आहे ती टोपल्या विणणारी. राजाने या नाटकात स्वतःला कोठे पाहिले असेल? मला वाटते, इंद्राणीच्या आसनावर. ऐश्वर्य आहे, आसन आहे, पण उठून बाहेर पडता येत नाही. पायाखालची पृथ्वी दुसऱ्याच्या तोंडून ऐकावी लागते. दूरदूरच्या गावांचे वर्तमान घेऊन दारी येणारी ही बाई म्हणजे राजाच्या दारी येणाऱ्या पुस्तकांच्या पेट्या. हा माझा अर्थ आहे, तो कोणावर लादण्याचा आग्रह नाही. पण असा अर्थ लावल्यावर त्या लांबलचक देशवर्णनातही थोडी कासाविशी ऐकू येऊ लागते.

येथवर स्तुती झाली. आता दोष. वर्णन लांबते, आणि ते वर्णन म्हणजे मुख्यतः नामावळी आहे. देशामागून देश येतात आणि सुरावर निघून जातात. कुट्रालमच्या कुरवंजीत बाई आपला डोंगर सांगते तेव्हा त्या डोंगरावर वानरे असतात, फळे असतात, पाणी उसळत असते. कारण तेथे ती राहिलेली आहे. सरफोजींच्या कुरवंजीला पृथ्वीवरील सगळे देश माहीत आहेत, पण त्यांपैकी कोठेही तिला कोणी माणूस भेटलेला नाही. ती कोठे उपाशी राहिली नाही, कोठे कोणी तिला दारातून हाकलले नाही. ज्ञान पुस्तकी आहे हे त्याच्या चुकीवरून कळत नाही, त्याच्या निर्वेधपणावरून कळते. आणि हाच दोष, दोनशे वर्षांच्या अंतराने, १९६ देशांच्या यादीच्या नेमातही शिरू शकतो. मॉर्गनबाईंना तो टाळावयाचा होता. त्यांनी अनोळखी माणसांना पत्रे लिहिली, पुस्तके मिळविण्यासाठी त्यांच्याशी बोलाचाली केली, आणि त्यांच्या पुस्तकातील सर्वांत जिवंत भाग या माणसांचाच आहे. त्यांचे अनुकरण करणारे बहुतेक जण मात्र खुणा करून मोकळे होतात.

या नाटकाशेजारी ठेवून पाहावे असे एक पुस्तक तंजावरातच झाले, आणि तेही त्याच शिक्षकाच्या विद्यार्थ्याकडून. वेदनायक शास्त्री हे तामिळ ख्रिस्ती कवी १७७४ साली तिरुनेल्वेलीत जन्मले. श्वार्ट्झने त्यांना लहानपणी तंजावरास आणून वाढविले. सरफोजींचे ते सहाध्यायीच. त्यांची ‘बेथलेहेम कुरवंजी’ १८०० च्या सुमाराची. तीतही सूर्यमालेची कोपर्निकसी मांडणी आहे, जगाचा भूगोल आहे. एकच धडा दोन विद्यार्थ्यांनी घरी नेला आणि दोन भाषांत, दोन धर्मांच्या चौकटीत, एकाच नाट्यप्रकारात घातला. असा योग भारतीय साहित्यात विरळा.

दोघांत भेद आहे तो असा. शास्त्रींना जग कशासाठी सांगावयाचे हे पक्के ठाऊक आहे. ग्रह, समुद्र, राष्ट्रे ही त्यांच्या देवाची करणी. तिच्या वर्णनाला दिशा आहे आणि ती भक्तीत जाऊन मिळते. त्यामुळे त्यांच्या नामावळीला स्तोत्राचे बळ येते. सरफोजींच्या नाटकात अशी दिशा नाही. इंद्राणी पौराणिक आहे, पण पुराणातील सात समुद्र आणि जंबुद्वीप यांच्याशी या नव्या पृथ्वीचा मेळ कसा घालावा, या भानगडीत नाटककार पडत नाही. तो एकीकडे देवी ठेवतो, दुसरीकडे युरोप ठेवतो आणि मध्ये बाईला गाऊ देतो. टीकाकाराने हा दुबळेपणा म्हणावा की धाडस? नाट्य म्हणून पाहिले तर शास्त्रींची रचना अधिक बांधीव होते, हे मान्य केले पाहिजे. पण जगाविषयीचे ज्ञान धर्माच्या पदरी न बांधता, नुसते जाणण्याच्या आनंदासाठी मराठीत मांडून ठेवणे, आणि तेही १८३२ पूर्वी, ही गोष्ट मला त्या बांधीवपणाहून मोलाची वाटते.

१८३२ हे साल मुद्दाम लिहिले. त्या वर्षी ६ जानेवारीस मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघाले आणि ७ मार्चला तंजावरास सरफोजी निवर्तले. आदल्याच वर्षी मोल्सवर्थचा कोश प्रसिद्ध झाला होता. आपल्या वाङ्मयेतिहासात अर्वाचीन मराठी येथून सुरू होते, आणि नाटक तर १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांच्या ‘सीतास्वयंवरा’पासून. तंजावरच्या भोसल्यांनी सतराव्या शतकाच्या अखेरीपासून मराठी नाटके रचली, शहाजीराजांच्या नावावर ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ आहे, हे इतिहासकार नाकारीत नाहीत. ते एका परिच्छेदात नोंदवितात आणि ‘पुढे परंपरा राहिली नाही’ असे म्हणून पान उलटतात. हा निर्णय मुंबई पुण्याच्या खुर्चीवरून बरोबरच दिसतो. पण परंपरा राहिली नाही याचा अर्थ एवढाच की आपण ती वाचली नाही. इसापच्या नीतिकथांचे मराठी भाषांतर ‘बालबोध मुक्तावली’ तंजावरच्या राजवाड्यातील नवविद्याकलानिधिशाळेत देवनागरी खिळ्यांनी १८०६ साली छापले गेले, तेव्हा मुंबईत मराठी पुस्तकांच्या छपाईचा अजून मागमूस नव्हता; श्रीरामपुरास कॅरीचे मराठी व्याकरण निघून जेमतेम वर्ष झाले होते. म्हणजे जगाचे साहित्य मराठीत आणण्याच्या कामाचा आरंभ मराठी मुलखाच्या बाहेर, दोन टोकांना, एकदमच झाला. बदलीच्या गावी राहणाऱ्यांना याचा थोडा अभिमान वाटल्यास हरकत नसावी.

नाटकाच्या भाषेविषयी थोडे. तंजावरी मराठीवर तामिळ आणि तेलुगूचा संस्कार आहे, संस्कृतचा भरणा आहे आणि दरबारी गायनाची शिस्त आहे. पुण्याकडून आलेल्या वाचकाला ती प्रथम खटकते. चेन्नईत आजही काही तंजावरी घरांतून ही मराठी बोलली जाते, आणि आपल्यातील कित्येकजण ती ऐकून गालातल्या गालात हसतात. हे हसणे अज्ञानाचे आहे. ज्या मराठीने, कोणतेही गद्य हाताशी नसताना, परदेशी नावे रागतालात बसविली, ती अशुद्ध म्हणावयाची तर शुद्ध मराठीने त्या काळात काय केले होते, हेही विचारावे लागेल. चाल सांभाळण्यासाठी अर्थ ओढला गेल्याच्या जागा तीत आहेत, हे खरे. पण तो दोष गेय रचनेचा आहे, प्रांताचा नव्हे.

सरफोजींना माणूस दिसतच नव्हता, असे मात्र कोणी समजू नये. त्यांच्या धन्वंतरी महालात डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी ठेवीत. प्रत्येक रोग्याची हकीकत, उपचार, आणि त्या डोळ्याचे रंगीत चित्र. त्या नोंदी ग्रंथालयात आहेत. युरोपीय शस्त्रक्रियेची पुस्तके वाचून केलेले हे काम आहे; पण त्यात देशांची यादी नाही, तर एका विशिष्ट माणसाचा एक विशिष्ट डोळा आहे, लाल झालेला, सुजलेला, पडदा आलेला. वाचनातून मिळालेले ज्ञान येथे एका देहापाशी येऊन थांबले आहे. नाटककार सरफोजींना जे साधले नाही ते वैद्य सरफोजींना साधले, असे म्हटले तर ते टीका म्हणूनच घ्यावे. ‘देवेंद्र कुरवंजी’च्या बाईने नकाशावरचा एखादा तरी देश अशा नजरेने पाहिला असता तर हे नाटक ग्रंथालयाच्या मालेतून बाहेर पडून रंगभूमीवर आले असते.

तरीही एका बाबतीत हा राजा आजच्या नेमवाल्यांच्या पुढे आहे. युरोप वाचावयास निघताना त्याने शेजार वगळला नाही. बोली मराठी, प्रकार तामिळ, विषय सगळे जग. तिन्ही एका रचनेत. १९३० च्या सत्याग्रहात साने गुरुजींना त्रिचनापल्लीच्या तुरुंगात ठेवले, तेव्हा दक्षिणेकडील सोबत्यांशी आपल्याला बोलता येत नाही याची त्यांना खंत वाटली. त्या खंतीतून पुढे आंतरभारतीची कल्पना निघाली आणि कुरलचे मराठी भाषांतर झाले. तुरुंगातल्या माणसाला शेजारची भाषा हवीशी वाटली आणि क्वार्टर्समधल्या माणसाला ती वाटत नाही, हे कोडे मला अनेक वर्षे सुटलेले नाही. ऑफिसात इंग्रजी चालते, बाजारात खुणांनी भागते, मुले शाळेत दुसरी भाषा म्हणून हिंदी घेतात. मग तीन वर्षे कशी गेली ते कळतही नाही.

साधनांची सबब चालणार नाही. एग्मोरच्या म्यूझियमशेजारी कॉनेमारा ग्रंथालय १८९६ पासून उभे आहे. १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्यान्वये भारतात छापल्या जाणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची प्रत ज्या चार ग्रंथालयांकडे पाठवावी लागते त्यांतले ते एक. म्हणजे पुण्यास निघालेले मराठी पुस्तकही कायद्याने येथे यावयास हवे. प्रकाशकांच्या आळसामुळे सगळी येत नाहीत ही गोष्ट निराळी; जी येतात ती मागणारा वाचक समोर आला तरच फडताळातून खाली उतरतात. (ग्रंथालय कायद्याचे श्रेय आपण नेहमी १९४८ च्या मद्रास कायद्याला आणि रंगनाथनांना देतो, आणि ते योग्यच आहे; पण कोल्हापूर संस्थानाने असा कायदा १९४५ मध्ये केला होता, हे येथील ग्रंथपालांना सांगितले की ते खुर्ची सरकवून बसायला सांगतात, असा अनुभव आहे.)

या नाटकाचे पुढे काय व्हावे, याविषयी मात्र मन निश्चित आहे. नुसता छापील पाठ पुरेसा नाही. त्यातील देशनामे आज कोणत्या देशांची ती ओळखून द्यावयास हवीत. सरफोजींच्या संग्रहातील कोणत्या भूगोलग्रंथाशी आणि नकाशाशी ती जुळतात हे तपासावयास हवे, कारण राजाची सही असलेली ती पुस्तके त्याच इमारतीत आहेत. आणि शेजारी ‘बेथलेहेम कुरवंजी’तील समांतर भाग मराठी भाषांतरासह छापावयास हवा. हे काम एकट्या मराठी अभ्यासकाच्या हातून होणार नाही, एकट्या तामिळ पंडिताच्याही नाही. गाण्यांच्या चाली जाणणारा तिसरा कोणी तंजावरच्याच एखाद्या घरातून घ्यावा लागेल. आणि मोडी वाचणारा चौथा, कारण राजवाड्याच्या दफ्तरातील मोडी कागदांत या नाटकाच्या प्रयोगासंबंधी एखादी खर्चाची नोंद सापडली, किती नटव्यांना किती चक्रम दिले एवढी जरी, तरी ते वाचावयाचे नाटक होते की पाहावयाचे, हा वाद तेथेच मिटेल.